सुतारासाठी शिवलेला कोट

मित्रांनो, मी एक जुना कोट आहे. शिंप्याच्या दुकानात दारामागच्या खुंटीवर मी लटकलेला असतो. एके काळी माझा रंग करडा होता. आता धुळीचा जो रंग तोच माझा. मला पाहून गिऱ्हाइके हसतात. "अहो, हा कुणाच्या मापाचा शिवलात? छाती बोकडाची आणि बाह्या उंटाच्या!" असे एक जण म्हणाला होता. शिंपी आपली सुई ओवत राहिला. तो मला विकत नाही, उसवत नाही. कसर लागू नये म्हणून अधूनमधून उन्हात टाकतो, एवढेच.

माझी अंगलट अशी बेढब कशी झाली ते आज तुम्हाला सांगतो. गोष्ट फारशी आनंदाची नाही. पण तुम्ही आता मोठे होत आहात. सगळ्याच गोष्टी गोड असाव्यात असा हट्ट धरू नका.

माझा जन्म याच दुकानातला. समोर, रस्त्याच्या पलीकडे, एका सुताराचे दुकान होते. शिंपी आणि सुतार एकाच बाकावर बसून शिकलेले. शिंपी अंगाने किडकिडीत. सुतार चांगला उंचापुरा आणि रुंद. दोघे बरोबर चालू लागले की लोक म्हणत, "कपाट निघालं, आणि मागून त्याची किल्ली निघाली."

आयुष्यभर रंधा मारून सुताराचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली आला होता. त्यामुळे तयार कोट त्याला कधी नीट बसत नसे. एका हिवाळ्यात शिंप्याने जाड लोकरी कापड आणले आणि सुताराला मापासाठी उभे केले.

"हलू नकोस रे. माप घेतोय, खिळा नाही ठोकत."

"तू आधी स्टुलावर चढ. माझ्या बगलेत उभा राहून खांदा कसा मोजणार?"

असे हसत-खिदळत मी शिवला गेलो. गुडघ्यापर्यंत लांब, आत गरम अस्तर, उजवा खांदा बोटभर उतरता. शिवणींत भरपूर माया ठेवली होती. 'माया' म्हणजे शिवणीच्या आत राखलेले जास्तीचे कापड. पुढे माणूस अंगाने सुटला तर कोट उसवून मोठा करता येतो. माझ्या बदल्यात सुताराने शिंप्याला कापड कापायचे टेबल करून दिले. ते अजून हलत नाही.

सुताराच्या दुकानामागे लाकडे ठेवायची एक लांबट खोली होती. दर रविवारी संध्याकाळी तिथे प्रभूची मंडळी जमत. फळ्या आडव्या टाकून बाके होत. माणसे गात, प्रार्थना करत, एकमेकांची विचारपूस करत आणि कपड्यांवरचा भुसा झटकून घरी जात. शिंपी आणि त्याची बायको नेहमी खिडकीपाशी बसत. ते दिवस मला फार आवडत. सुतार गाताना मोठा श्वास घेई आणि माझ्या सगळ्या शिवणी ताणल्या जात.

मग सरकारचा हुकूम निघाला. परवानगीवाचून कुणी प्रार्थनेला जमायचे नाही. परवानगी मागायला गेलेल्यांना ती मिळत नसे. मंडळी तरीही जमत राहिली. फक्त गाणी हळू झाली. अखेर थंडीच्या तोंडावर एका सकाळी शिपाई आले आणि सुताराला घेऊन गेले. मी त्याच्या अंगावर होतो, म्हणून मीही गेलो.

पोलीस चौकीतल्या साहेबाने विचारले, "तुझ्याकडे कोण कोण जमत होतं?"

"मी जमत होतो."

"बाकीचे?"

"बाकीच्यांचं बाकीच्यांना विचारा."

"कोण ते कळल्याशिवाय विचारणार कुणाला?"

"तीच तर अडचण आहे, साहेब," सुतार म्हणाला.

त्या उत्तराची त्याला शिक्षा मिळाली. कशी, ते मी सांगत नाही. माझ्या कॉलरवरचा एक डाग मात्र शिंप्याला पुढे कितीही धुऊन काढता आला नाही. शेवटी साहेबाने कागद पुढे सरकवला. यापुढे जमणार नाही अशी सही कर आणि घरी जा, एवढेच त्याचे म्हणणे होते. सुतार म्हणाला, "घरी गेलो तर येत्या रविवारी मी जमणारच. मग खोटी सही कशाला करू?" झाले. तुरुंगाचे दार लागले.

मंडळीतल्या एकाचेही नाव त्याने सांगितले नाही. शिंप्याचेही नाही.

बाहेर काय झाले ते मला नंतर कळले. सुताराच्या सख्ख्या भावाने रातोरात दुकानावरची पाटी उतरवली. मंडळीतली माणसे त्या दुकानापासून चार हात लांब चालू लागली. मी त्यांना दोष देत नाही. घरी लेकरेबाळे असली की भीती पायात घोटाळतेच.

तुरुंगात एक पद्धत होती. महिन्यातून एकदा कैद्याच्या मळक्या-फाटक्या कपड्यांचे गाठोडे बाहेर दिले जाई, आणि आठवड्याने ते धुऊन, शिवून परत आत जाई. त्यासाठी फाटकाजवळ एक खिडकी होती. तिथे फक्त कैद्याचा नंबर सांगायचा. आणणारा कोण हे कुणी विचारत नसे. प्रत्यक्ष भेटायचे असेल तर मात्र नाव, धंदा, धर्म सगळे लिहून द्यावे लागे. शिंपी सरकारी कचेऱ्यांचे गणवेश शिवत असे. त्याच्या घरची चूल त्यावरच पेटत होती. म्हणून तो खिडकीवर येई, गाठोडे घेई, नंबर पुटपुटे आणि मान खाली घालून निघून जाई.

पहिल्यांदा मी गाठोड्यातून दुकानात आलो तेव्हा शिंप्याने मला त्या न हलणाऱ्या टेबलावर पसरले. पत्रे लिहायला सुताराला बंदी होती. पण शिंप्याचे एक म्हणणे असे: "माणूस खोटं बोलेल, कापड बोलत नाही." तो माझ्यावरून बोटे फिरवू लागला. समोरचा घेर गुडघ्यांपाशी चुरगळला होता आणि त्यात सिमेंटची पांढरी धूळ बसली होती.

"अगं, इकडे ये! बघ, गुडघे टेकतोय तो. रोज टेकतोय. प्रार्थना सोडली नाही त्याने."

बायको हात पुसत आली. "त्या कोटाकडे जेवढं बघता त्याच्या निम्मं माझ्याकडे बघितलं असतंत, तर मीही आज सुंदर दिसले असते," ती म्हणाली. पण तिने ती धूळ बोटाने हळूच पुसली, आणि पदर डोळ्यांना लावला.

मी परत आत गेलो तेव्हा बराकीत एक नवा कैदी आला होता. चोरीचे भंगार विकताना धरलेला एक म्हातारा. अंगावर एक सदरा, तोंडात दात नाहीत, पण जीभ कात्रीसारखी. सगळे त्याला टिनपाट म्हणत. त्याला बाहेर कुणी नव्हते, त्यामुळे गाठोडेही नव्हते. रात्री तो थंडीने असा कुडकुडे की शेजारच्यांची झोप मोडे. ते शिव्या देत, आणि तो सव्याज परत करी.

एकदा सुतार गुडघे टेकून उठला तेव्हा टिनपाट म्हणाला, "काय रे, तुझा देव तुला एवढा गरम कोट देतो. मला का नाही देत?"

सुताराने मला अंगावरून उतरवले. "दिलाय की, बाबा. घ्या."

टिनपाट मला हातात धरून बघतच राहिला. त्याची जीभ तेवढी एकदाच अडखळलेली मी पाहिली.

पण तो कोट कायमचा घेईना. शेवटी दोघांत ठरले, दिवसा आवारात काम करताना सुताराने मला घालायचे आणि रात्री म्हाताऱ्याने. म्हातारा मला अंगाभोवती गुंडाळून कमरेला दोरी बांधी आणि बाह्या मनगटावर दुमडून घेई. त्याच्या बरगड्या मला मोजता आल्या असत्या. रात्री तो पुटपुटे, "वेडाच आहे लेकाचा." पण झोपण्याआधी मला नीट झटकून घेई.

पुढच्या महिन्यात मी पुन्हा टेबलावर पसरलो गेलो. शिंप्याची बोटे माझ्यावरून फिरली आणि मध्येच थांबली. कमरेला दोरीचा खोल वळ. पाठीवर आणि कुशीत चुण्याच चुण्या, जणू कोटात माणूस नव्हे, काठी होती.

"तो खंगलाय," शिंपी कुजबुजला. "अर्धासुद्धा राहिला नाही गं. कोट त्याच्यावर पोत्यासारखा लोंबतोय. दोरी बांधून फिरतोय बिचारा. सगळा वारा आत जात असणार."

"आणि या बाह्या का दुमडल्यात?" बायकोने विचारले.

"हात गारठत असतील. दुहेरी घडी घातली असेल."

मित्रांनो, मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. माणूस कितीही खंगला तरी त्याचे हात आखूड होत नाहीत, हे शिंप्याला माहीत नव्हते का? चांगले माहीत होते. सुताराचा खांदा त्याला बोटभर फरकापर्यंत ठाऊक होता. पण सुताराचा स्वभाव? ज्याने आयुष्यभर आपल्या ताटातले दुसऱ्याला वाढले, तो तुरुंगात एकटा कोट घालून बसेल का, एवढा साधा प्रश्न त्याला सुचला नाही. काळजीने माणसाचे डोळे भरून येतात, आणि भरल्या डोळ्यांना जवळचे दिसत नाही.

त्याने मला उसवले. छाती, पाठ, कूस सगळीकडून आत घेतले. एरवी शिंपी माया कापत नाही. पण जाड कापडाच्या गड्ड्या आत राहिल्या तर त्या खंगलेल्या अंगाला टोचतील, म्हणून त्याने सगळी माया कापून टाकली, आणि त्याच पट्ट्या छातीवर अस्तराच्या आत दुहेरी बसवल्या. किती सुंदर काम होते ते! एकेक टाका प्रार्थनेसारखा. आणि सगळेच्या सगळे चुकलेले.

मी आत गेलो. सुताराने एक बाही घातली, दुसरी घालू लागला आणि मी त्याच्या पाठीवर अडकलो. त्याने पुन्हा प्रयत्न केला. शिवण कर्रकन वाजली.

टिनपाट हसून लोळायचा बाकी राहिला. "अरे, तुझ्या शिंप्याने बाहुलीचा कोट पाठवला का?"

सुतारही हसला. मग त्याने छातीवरच्या दुहेरी पट्ट्यांवरून हात फिरवला आणि त्याचे हसणे थांबले. त्याला सगळे कळले. तो म्हणाला, "बाबा, आता दिवसरात्र तुम्हीच घाला. तुमच्याच मापाचा झालाय."

"आणि तू?"

"मी काम करतो. काम करणाऱ्याला थंडी वाजत नाही."

मित्रांनो, सुतार खोटे बोलला तो एवढ्या एकदाच. थंडी त्यालाही वाजत होती. तो पोत्याला भोके पाडून ते सदऱ्यावर घाले आणि आवारात बर्फासारखी गार लाकडे उचली. आधी तो खोकू लागला. मग प्रार्थनेला टेकलेले गुडघे उचलताना भिंतीचा आधार घेऊ लागला. आणि एके सकाळी तो उठलाच नाही. त्याला उचलून तुरुंगाच्या दवाखान्यात नेले. टिनपाट मला घट्ट धरून दारात उभा राहिला आणि पहारेकऱ्यांना नाही नाही ते बोलला. त्याबद्दल त्याने मार खाल्ला.

गाठोड्याचा दिवस आला तेव्हा म्हाताऱ्याने मला सुताराच्या नंबरावर बाहेर पाठवले. शिंप्याने मला पसरले, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. गुडघ्यांपाशी धूळ नव्हती. उजवा खांदा, जो नेहमी भरलेला असे, तो पोकळ पडला होता. बाह्यांवर दुमडल्याच्या रेघा काळ्या झाल्या होत्या. त्याने टेप लावला. खांद्यापासून त्या रेघेपर्यंत मोजले. मग पुन्हा एकदा मोजले.

"हा तो नाही," तो म्हणाला. "हात आखूड होत नाहीत. हा दुसराच कुणीतरी आहे. मी दुसऱ्याच कुणाच्या तरी मापाने कोट कापला. मग तो कुठे आहे?"

बायकोने त्या रेघेवर स्वतः बोट ठेवून पाहिले.

"मी उद्या भेटायला जातो. नाव लिहून देतो."

"अहो, त्याने मार खाल्ला तो तुमचं नाव वाचवायला," ती म्हणाली. "आणि तुम्ही ते स्वतःहून नेऊन देणार? उद्या गणवेश बंद होतील. परवा ते आपल्याच दारात येतील. मग?"

"तो आहे की नाही एवढं तरी बघू दे गं मला. इतके दिवस मी कोटाला भेटत होतो. त्याला नाही."

तिने चुलीतले लाकूड आत सारले. मग म्हणाली, "मफलर बांधून जा. बाहेर वारा आहे."

खिडकीवरच्या शिपायाने शिंप्याला पाहताच हात पुढे केला. "आज कसा आलास? बरं, ठेव गाठोडं."

"भेटायचंय."

"गाठोडं ठेव आणि जा, बाबा. चाललंय ते बरं चाललंय."

"मला भेटायचंय."

शिपायाने इकडेतिकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "हे बघ, माझ्या अंगावरचा हा गणवेश तूच शिवलायस. मी तुला ओळखतो, म्हणून सांगतो. त्याचा रक्ताचा भाऊ इकडे फिरकला नाही. तू कोण लागतोस त्याचा?"

"मित्र."

"मित्रासाठी कुणी घरदार पेटवतं का?"

शिंप्याने वहीकडे बोट दाखवले. शिपायाने उसासा टाकून वही ओढली. शिंप्याने नाव सांगितले, धंदा सांगितला. मग शिपायाने धर्म विचारला. शिंप्याच्या काखेत मी होतो. त्याचे काळीज किती जोरात उडत होते ते मला कळत होते.

"जो त्याचा, तोच माझा. मीही त्याच मंडळीतला आहे," तो म्हणाला.

दवाखाना म्हणजे एक लांब खोली. भिंतींना ओल, खिडकीची एक काच फुटलेली, तिथे पुठ्ठा लावलेला. शेवटच्या खाटेवर एक माणूस होता. शिंप्याने त्याला ओळखलेच नाही; तो परत दाराकडे वळला.

"इकडे ये, किल्ली," खाटेवरचा माणूस म्हणाला. "कपाट इथे आहे."

त्या कपाटाच्या आता फळ्याच उरल्या होत्या. शिंपी खाटेच्या कडेला बसला.

"नाव लिहिलंस?" सुताराने विचारले.

"लिहिलं."

"अरे, वेड्या! तेवढं तर मी वाचवलं होतं."

"तू वाचवलंस, म्हणून माझ्यापाशी ते लिहायला शिल्लक होतं."

सुताराने डोळे मिटले. मग त्याने टिनपाटची सगळी हकीकत सांगितली, मध्ये मध्ये खोकत, मध्ये मध्ये हसत. शिंपी मान खाली घालून ऐकत होता. "मी तुझा कोट कापला," तो म्हणाला. "माझ्या हाताने कापला. मायासुद्धा ठेवली नाही."

"दे इकडे. घाल मला."

शिंप्याने त्याला उठवून बसवले आणि मला त्याच्या अंगावर चढवले. मित्रांनो, मी बसलो. छातीवर बसलो, पाठीवर बसलो, एक सुरकुती पडली नाही. शिंप्याने एकेक करून गुंड्या लावल्या.

"बघ," सुतार म्हणाला. "तू चुकला नव्हतास. जरा लवकर शिवलास, एवढंच."

मग त्याने स्वतःच गुंड्या काढल्या. "आता हा बाबांना दे. बराकीत त्यांना पांघरायला काही नाही. मला इथे निदान चादर मिळते."

"नाही. हा तुझा कोट आहे."

"माझा आहे ना? मग मी कुणालाही देईन."

पहारेकरी ओरडला, "प्रार्थना-बिर्थना चालणार नाही इथे!" शिंप्याने मान डोलावली. दोघांनी फक्त एकमेकांचा हात धरला. ओठ हलले नाहीत. पण दोघांच्या हातांखाली मी होतो, आणि त्या लांबट खोलीतला रविवार मी लगेच ओळखला.

बायको म्हणाली होती तसेच झाले. आठवडा संपायच्या आत कचेरीचा माणूस आला आणि अर्धवट शिवलेले गणवेशसुद्धा उचलून घेऊन गेला. शेजारी शिंप्याशी बोलेनासे झाले. एकदा दोन शिपाई येऊन सगळे दुकान उलथेपालथे करून गेले. शिंप्याने सांडलेल्या गुंड्या गोळा केल्या, आणि आपल्या लग्नातला कोट पेटीतून काढून टेबलावर ठेवला. त्याची छाती सुताराच्या आत्ताच्या अंगाला पुरली. लांबीला आणि खांद्याला बायकोच्या शालीचे तुकडे जोडले. या वेळी त्याने भेटीत स्वतःच्या हाताने मापे घेतली होती.

खिडकीवरच्या शिपायाने डोके हलवले. "एका नंबरावर एकच कोट. त्याच्या नावावर एक आत आहे."

"तो म्हाताऱ्याच्या नावावर टाका."

"त्याची हमी घेणारं बाहेर कुणी नाही."

"मी घेतो."

"चोराची? आधी देवभक्ताचा मित्र, आता चोराचा हमीदार. पुढच्या वेळी काय?"

"पुढच्या वेळी तुमचं खालचं बटण लावीन. लोंबतंय केव्हाचं."

शिपायाने बटणाकडे पाहिले, शिंप्याकडे पाहिले, आणि कोट आत घेतला.

गोष्ट इथे संपली असती तर किती बरे झाले असते. पण छातीत एकदा शिरलेली थंडी कोटाने निघत नाही. भेटीच्या प्रत्येक वारी शिंपी येई, उकडलेली अंडी सोलून भरवी, बाहेरच्या गमती सांगे. टिनपाटने दवाखाना झाडायचे काम मागून घेतले होते, म्हणून मी हे सगळे पाहू शकलो. थंडी सरत आली तेव्हा एका दुपारी सुताराने म्हाताऱ्याला जवळ बोलावले.

"भेटीचा वार आज ना, बाबा?"

"उद्या."

"मग त्याला सांगा, हा कोट अगदी बरोबर बसला. खांदासुद्धा."

"तूच सांग की उद्या. मी काय तुझा निरोप्या आहे?" म्हातारा खेकसला.

सुतार हसला. संध्याकाळी त्याचा श्वास थांबला. म्हाताऱ्याने खराटा भिंतीला लावला आणि त्याच्या पायापाशी खाली बसला. त्या दिवशी त्याने कुणालाच शिवी दिली नाही.

भाऊ आला नाही. प्रेत शिंप्याने ताब्यात घेतले आणि त्याच कोटात सुताराला पुरले. त्याला नेताना काही घरांची दारे लागली, काही उघडी राहिली, आणि मंडळीतली दोघे-तिघे पायरी उतरून मागे चालू लागले. एवढेच.

पुढचा गाठोड्याचा दिवस आला. खिडकीवरचा शिपाई दचकला. "अरे, तुझा माणूस गेला ना? आता कशाला आलास?"

"एक गेला. एक आत आहे. भेटायचंय."

जाळीपलीकडे टिनपाट येऊन उभा राहिला. मी त्याच्या अंगावर होतो. "काय रे?" तो गुरगुरला. "कोट न्यायला आलास? ने. तुझ्या मित्राचाच आहे."

"तुम्हाला भेटायला आलो, बाबा."

"मला? मला भेटायला कुणी येत नाही."

"आता येईल."

म्हाताऱ्याने उगाचच माझी कॉलर नीट केली. शेवटी त्याने निरोप सांगितला, खांद्यापर्यंतचा सगळा. शिंप्याने जाळीला कपाळ टेकले. त्याचे खांदे गदगदा हलत होते. म्हातारा जाळीतून दोन बोटे बाहेर काढून त्याच्या कपाळाला लावून उभा राहिला.

मग तो म्हणाला, "मला तो थोडेच दिवस मिळाला रे. तू त्याला लहानपणापासून ओळखतोस. कसा होता तो? सांग की."

शिंप्याने डोळे पुसले आणि सांगायला सुरुवात केली. वेळ संपल्याची घंटा झाली, तरी खिडकीवरचा शिपाई थोडा वेळ दुसरीकडेच बघत होता. त्यानंतर म्हातारा सुटेपर्यंत शिंप्याने भेटीचा एकही वार चुकवला नाही. सुटल्यावर म्हातारा याच दुकानात राहिला, गुंड्या निवडत, गिऱ्हाइकांना टोमणे मारत, आणि याच घरातून शेवटच्या प्रवासाला गेला. तेव्हापासून मी या खुंटीवर आहे.

मित्रांनो, तुम्ही मला उन्हात टाका, झटका, कसरीपासून जपा, त्याबद्दल मी आभारीच राहीन. पण माझे खरे मागणे वेगळे आहे. तुमचे कुणी संकटात असेल, आणि त्याचे नाव घ्यायलाही लोक कचरत असतील, तर त्याला गरम कपडे जरूर पाठवा. मात्र तेवढ्यावर थांबू नका. कपड्यांवरून माणूस कळत नाही. स्वतः जा. दारावर कुणी विचारले, "तू कोण?" तर घाबरत का होईना, आपले नाव सांगा. आणि आत जाऊन त्याचा हात हातात घ्या. ते काम मात्र कोणत्याही कोटाला जमत नाही.